तीन गार्सिया आणि एक आंबा

“सुभानजी! घराण्यातली थोरली पाती कोणती ते न पाहताच मानाचा पहिला विडा दिलास? थोरल्या पातीचा भर दरबारात अपमान!” उदाजीराजे कडाडले.

सुभानजी चोपदारानं चांदीची काठी सावरत मुजरा केला. दरबारात तीन नामांकित पाहुणे आले होते. एक स्पेनचा चित्रकार, एक पेरूचा वैद्य आणि एक फिलिपाईन्स बेटांवरचा घड्याळजी. देश तीन, गलबतं तीन, पण आडनाव एकच, गार्सिया! राजांच्या लेखी आडनाव एक म्हणजे घराणं एक. मग त्यातला थोरला कोण, हे चोपदाराला ठाऊक नको?

“महाराज, ते तर म्हणतात, आमचं एकमेकांशी काही नातं नाही.”

“भाऊबंद कधी नातं कबूल करतात का रे? त्यांचं बोलणं मी धरणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत थोरला तरी दाखव, नाहीतर घराणी वेगळी असल्याचा पुरावा आण. जमत नसेल तर चांदीची काठी खाली ठेव!”

त्या काठीवर तीस वर्षं घर चाललं होतं. स्पेनला माणूस धाडावा तर नुसतं जायलाच वर्ष! सुभानजी घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. त्याची लेक सगुणा भाकरी थापत होती. सगळी हकिगत ऐकल्यावर तिला हसूच फुटलं.

“आबा, राजांकडून बागेतला एक आंबा मागून घ्या. फळ नव्हे हं, अख्खं झाड!”

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत दवंडी पिटली. “पाडाला आलेलं हे झाड महाराजांनी गार्सिया घराण्याला सामाईक दिलं आहे हो!” सगुणा फुलं खुडायच्या निमित्तानं दिवसभर तिथंच घुटमळत राहिली.

संध्याकाळी सुभानजीनं लेकीलाच दरबारात उभं केलं. राजांनी विचारलं, “काय गं, कोण थोरला?”

“कुणीच नाही, महाराज. हे भाऊबंद नव्हेतच!”

“कशावरून?”

“चित्रकार झाडावर चढला, वैद्यबुवांनी खाली झोळी धरली, घड्याळजींनी सारखे वाटे केले. उरलेले आंबे माळ्याच्या घरी पोचले. पण कुणी फांद्या मोजल्या नाहीत, कुंपण घातलं नाही, की झाड कुणाच्या आज्यानं लावलं ते विचारलं नाही. सामाईक झाड, आणि दिवस मावळेपर्यंत एकाचंही डोकं फुटलं नाही! महाराज, याहून पुरावा कुठला आणू?”

“एखादं घराणं प्रेमळही असतं, पोरी!”

“असेल की! आपल्या हद्दीवरचा फणस बारा वर्षं का सडतोय, तेवढं सांगा, मग मानते.”

त्या एका फणसापायी उदाजीराजे आणि त्यांचे चुलतभाऊ दौलतराजे एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. दोन्हीकडचे भालेकरी राखणीला उभे असायचे आणि गरे खायची माकडं. सुभानजीनं काठी खाली ठेवून डोळे मिटले. काठी तर गेलीच, आता लेकही जाते!

राजांच्या मिशा थरथरल्या. आणि मग ते पोट धरधरून हसले!

“सुभानजी, उचल ती काठी! आणि पोरी, तो फणस आजपासून तुझा. पण काय गं, दौलत भांडायला आला तर?”

“कशाला येतील, महाराज? मी थोडीच त्यांची भाऊबंद आहे!”