सूपभर कोंड्याची राजकन्या

एका राज्यात पाऊस पडत होता, तो पडतच होता. तीन महिने झाले. गच्चीवर बेडूक, देवघरात बेडूक, राजाच्या मुकुटालाही बुरशी आली म्हणतात. मी काही पाहायला गेलो नाही. राजाचं नाव वज्रसेन. राणी बाळंतपणातच गेलेली. मागे उरली दोन वर्षांची राजकन्या कोंडूबाई, आणि तिला दूध पाजून वाढवणारी दाई, राही.

दोन वर्षांचं पोर आणि बंद दारं! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. कोंडू दिवसभर दाराशी उभी राहायची, कडीकडे बोट करून म्हणायची, "भुर्र!" दार उघडत नाही म्हटल्यावर भोकाड. एके दुपारी राजा दरबारात पुराची खबर ऐकत होता. तीन गावं वाहून गेली होती, आणि आतून हे रडणं. राजाचा तोल सुटला. तो ओरडला, "घेऊन जा रे बुवा हिला एकदाची!"

आता हे घरोघरी म्हणतात. तुम्हीही म्हटलं असेल, खोटं नका बोलू. पण राजा बोलला म्हणजे दिलंच. खिडकीबाहेर करालबुवा मांत्रिक उभा होता. असल्याच एका शब्दासाठी त्याने पाऊस या राज्यावर बांधून ठेवला होता. तो भिंतीतून आत आला. पाय कोरडे ठणठणीत.

"राजा, तू पोर दिलीस. मी नेतो, पण नियमाने नेतो. तीन दिवस दार उघडायचं नाही. तीन दिवस ती रडली नाही, तर ती तुझी आणि पाऊसही थांबवतो. रडली, तर माझी."

राजाने तलवार उपसली. पात्याचं पाणी होऊन फरशीवर सांडलं. करालबुवा निघून गेला.

पहिल्या दिवशी राजाने खजिना उघडला. सोन्याचा चालता हत्ती आला, आपोआप नाचणारा काचेचा मोर आला. कोंडूने हत्तीकडे एकदा पाहिलं आणि हत्तीचा रिकामा पेटारा ओढून घेतला. दिवसभर पेटाऱ्यात बसायचं, बाहेर यायचं, परत बसायचं. राजा चिडला. राही म्हणाली, "असू द्या महाराज. रमलीय ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी राहीने तिला मुदपाकखान्यात नेलं. पळ्या, वाट्या, परात. कोंडूने बडव बडव बडवलं. आचाऱ्याचे कान बसले. मग हरभरे, या वाटीतून त्या वाटीत, त्या वाटीतून या वाटीत. राहीची कंबर मोडून आली, पण डोळा लवू दिला नाही. एखादा हरभरा नाकात गेला की संपलंच! मधूनच तिला पोरीची इवलीशी मान दिसे. ती पदराने घाईघाईने डोळे पुसे, कारण मोठं माणूस रडताना पाहिलं की पोरही रडतं.

तिसऱ्या दिवशी काही म्हणता काही चालेना. पेटारा नको, हरभरे नकोत, मांडी नको. राही घोडा झाली, पडद्याआड लपली, गाऊन गाऊन घसा बसला. दुपारी कोंडूचे डोळे मिटायला आले, पण झोपेल तर शपथ. ती दाराशी गेली. खालचा ओठ थरथरला. तो ओठ राही ओळखून होती.

पिंजऱ्यात राणीची मैना होती. राणी गेल्यापासून ती बोलली नव्हती. ती म्हणाली, "बाई, ज्याने दिली, त्याची ती होती का?"

आणि कोंडूने टाहो फोडला.

करालबुवा भिंतीतून आला. राजा धावत आला, मागोमाग दरबार. मांत्रिकाने हात पुढे केला, तेवढ्यात राही मध्ये उभी राहिली.

"थांबा. ही पोर महाराजांची नाही. माझी आहे."

दाईने राजकन्येवर हक्क सांगावा! त्या राज्यात यासाठी मुंडकं उडवीत. पण राही बोलत राहिली.

"राणीसाहेबांची तीन बाळं पाठोपाठ गेली. चौथ्या वेळी मरण फसावं म्हणून त्यांनी हिला माझ्या ओटीत घातलं आणि माझ्याकडून सूपभर कोंडा घेतला. म्हणून तर हिचं नाव कोंडू. बाराव्या दिवशी कोंडा परत करून पोर परत घ्यायची रीत. राणीसाहेब दहाव्याच दिवशी गेल्या. कोंडा कुणी परत केलाच नाही."

करालबुवा हसला. "दाईचा शब्द मला नको. राजाने दिली, राजानेच सांगावं. राजा, ही पोर तुझी आहे?"

राजाला दोन्हीकडून मरणच. 'हो' म्हणावं तर मांत्रिक नेतो. 'नाही' म्हणावं तर राजाचा शब्द, तो फिरत नाही; मग पोर परकीच. कोंडूने नाक वाहतं ठेवूनच हात पसरले. "बाबा."

राजा म्हणाला, "नाही. माझी नाही. राहीची आहे."

करालबुवा किंचाळला, विरघळला आणि मोरीतून वाहून गेला. पाऊस इतका अचानक थांबला की लोकांना आपण बहिरे झालो असंच वाटलं.

"महाराज, आत्ता कोंडा मागवा," राही म्हणाली. "परत घ्या तिला."

"माझ्या जिभेचा भरवसा नाही, राही. तुझ्याकडेच राहू दे."

राहीने दार उघडलं. कोंडू बाहेर धावली, पहिल्याच डबक्यात बसकण मारली आणि खदखदून हसली. राजा दारात उभा होता. कोंडूने वळून त्याच्याकडे पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं निरखून पाहिलं, मग राहीला विचारलं, "हा कोन?"

राहीने राजाकडे पाहिलं. राजाच खाली बसला आणि म्हणाला, "मी राजा. या राज्याचा."

कोंडूने मान डोलावली आणि ती परत चिखलाकडे वळली.

पूर ओसरले, गावं वसली, राज्याची घडी बसली. राजाने पुढे पुष्कळ वर्षं उत्तम राज्य केलं. त्या राज्यात रडत्या पोराला कुणी बुवाला देत नाही, आणि राजाला मुलंबाळं किती, असं कुणी विचारत नाही.