कळंबगव्हाणचा अधांतरी खांब

पूर्णा नदीच्या काठी कळंबगव्हाण म्हणून गाव होते. झोळीनाथ महाराज फिरत फिरत तिथे आले आणि गावाबाहेरच्या जुन्या महादेवाच्या ओवरीत उतरले. एका मुक्कामापुरते आलेले महाराज, हिवाळा लागला तरी हलले नाहीत. कोणी विचारले तर म्हणत, "अजून देऊळ बघून झालं नाही."

आणि देऊळ होतेच तसे! काळ्या पाषाणाचे, चुन्याचा कण न लावता दगडात दगड गुंतवून उभे केलेले. गाभारा जमिनीच्या पोटात. पायऱ्या उतरून गेले की अंधाराला डोळे सरावेपर्यंत पिंड दिसत नसे. मंडपातल्या खांबांच्या माथ्याशी बुटके यक्ष, छताचे ओझे पेलून गाल फुगवून बसलेले. देवळाला शिखर मात्र नव्हते. म्हणे, देवांनीच ते एका रात्रीत बांधायला घेतले, शिखराचा पहिला दगड उचलला आणि कोंबडा आरवला. दगड तिथेच टाकून देव निघून गेले.

पण सर्वांत मोठे नवल होते मंडपाच्या कोपऱ्यातला एक खांब. वर तो तुळईला धरून होता, खाली मात्र जमिनीला टेकत नव्हता. त्याच्या बुडाखालून लुगड्याचा पदर या बाजूने घालून त्या बाजूने काढता येई.

गावकऱ्यांना त्याचे काही वाटेनासे झाले होते. रोज वाटे ते एकट्या धुरपदेला. ही कोष्ट्याची सून. सकाळी येऊन मंडप झाडायची, देवाला बेल वाहायची आणि मग खांबापाशी उकिडवी बसून त्या फटीत डोकवायची. भेटेल त्याला विचारायची, "ह्यो टेकत नाही, कामून? हे यक्ष हासत नाहीत, कामून?" उठता-बसता "का?" विचारणारी, म्हणून गावाने तिचे नावच पाडले, कामूनबाई. ती आली की पारावरची माणसे एकमेकांना कोपरखळ्या मारत.

एकदा तिने धीर करून महाराजांनाच विचारले. "महाराज, ह्यो खांब काहीच पेलत नाही. मंग उभा कामून केला?"

महाराज उठले, तिच्याजवळ येऊन जमिनीवर पालथे झाले आणि स्वतः त्या फटीतून पाहू लागले! बऱ्याच वेळाने म्हणाले, "मलाही हेच कोडं पडलंय बाई. वाट बघतोय बघ हा कशाची तरी."

"कशाची?"

"ते कळलं असतं तर मी इथून केव्हाच गेलो नसतो का?"

धुरपदा हसली. आपला प्रश्न खुळा नाही, हे तिला जन्मात पहिल्यांदा कोणी सांगितले होते.

गावचे इनामदार हैबतराव यांना मात्र हे सगळे हास्यास्पद वाटे. त्यांच्या मनाने घेतले की आपण देवळाला शिखर चढवायचे. दुरून गवंडी आणले, घडीव दगड आणले. जुन्या लोकांनी कोंबड्याची गोष्ट काढली तेव्हा ते म्हणाले, "देवांना जमलं नाही ते हैबतरावाला जमलं, असं म्हणतील लोक!"

दगड छतावर चढू लागले. एके सकाळी झाडताना धुरपदेच्या पायाला दगडाची बारीक कच लागली. तिने वर पाहिले. भर सभेत ती इनामदारांपुढे उभी राहिली. "मालक, वरून कच पडतीया. कामून पडती, तेवढं बघा की."

"आली का कामूनबाई!" हैबतराव ओरडले. "खांबाखालून पदर काढतेस, उद्या देवाखालून काढशील! आणि त्या तुझ्या गोसाव्याला सांग, खांब काही पेलत नसेल तर तोडून पायरीला लावतो म्हणावं."

माणसे खदखदून हसली. धुरपदा खाली मान घालून ओवरीकडे आली.  त्या दिवसापासून महाराजांनी आपले आसन ओवरीतून मंडपाच्या दाराशी आणले.

कळसाचा दिवस उजाडला. मंडपात पूजा मांडली होती. हैबतरावांच्या मातोश्री आक्कासाहेब पायांनी अधू. त्यांना उचलून आणून पाटावर बसवले होते. हैबतराव बाहेर कळस हाती घेऊन उभे. वर शेवटचा मोठा दगड बसला मात्र, आणि मंडपात बंदुकीसारखा आवाज झाला. मधली तुळई दुभंगली होती!

जो तो बाहेर धावला. ताम्हण, समया, फुले तुडवली गेली. धुरपदाही दारापर्यंत आली, मागे वळून पाहते तर आक्कासाहेब पाटावर तशाच, दोन्ही हात टेकून सरकू पाहताहेत. छताच्या मधोमध कोरलेले दगडी कमळ हळूहळू खाली येत होते.

"आई!" हैबतराव किंचाळले, पण पाय जागचे हलेनात.

धुरपदा आत धावली. दारातून महाराजांचा आवाज आला, "बाहेर आणू नकोस, वेळ नाही! खांबापाशी ने, खांबापाशी!"

कामून, असे त्या वेळी तिने विचारले नाही. म्हातारीला काखेत धरून फरफटत तिने कोपरा गाठला आणि त्या अधांतरी खांबाला मिठी मारली. "महादेवा, आता तरी टेक रे!"

जाते फिरावे तशी घरघर झाली. तिच्या मिठीत खांब खाली सरकला, जमिनीला टेकला, आणि कोसळते छत जागच्या जागी थांबले! धुरपदेच्या पदराचे टोक खांबाखाली चिमटले होते. तिला हलता येईना, तेव्हा हैबतराव भानावर येऊन आत धावले. त्यांनी पदर फाडला, आईला पाठुंगळी घेतले आणि तिघेही बाहेर आले.

कोणी म्हणेल, तुळई वाकली, खांब टेकला, यात नवल ते काय? पण पुढचे ऐका. गवंड्यांनी भीतभीत शिखराचे दगड एकेक करून उतरवले. शेवटचा दगड खाली आला आणि खांब पुन्हा वर उचललेला दिसला. पदराचा तुकडा खाली मोकळा पडला होता. तुळई तर दुभंगलेलीच राहिली, आणि छत तरीही ढळले नाही.

हैबतरावांनी डोक्यावरचे पागोटे काढून महाराजांच्या पायाशी ठेवले. "महाराज, मी देवाला हसलो."

"देवाला नाही," महाराज म्हणाले. "विचारणाऱ्याला हसलास. तिच्याकडे जा."

हैबतराव धुरपदेपुढे वाकले. ती घाबरून मागे सरली. "मालक, असं नका करू! मला लाज वाटती."

"मालक म्हणू नकोस," हैबतराव म्हणाले. "भाऊ म्हण. आणि एवढं सांग ताई, आत जाताना तुला भीती वाटली नाही? कामून?"

आजवर गावाने हिणवलेला तो शब्द इनामदारांच्या तोंडून आला, पण या वेळी कोणी हसले नाही. धुरपदा गोंधळून महाराजांकडे पाहू लागली. महाराजांनी झोळी खांद्याला अडकवली होती.

"निघालात महाराज?" ती कासावीस झाली.

"बघून झालं बाई," महाराज म्हणाले, आणि मंडपाच्या उंबऱ्यावर डोके टेकवून नदीच्या वाटेला लागले.

मागे मंडपात पुन्हा पाटावर बसवलेल्या आक्कासाहेब लेकाला दटावत होत्या, "हैबता, नुसता उभा काय राहतोस? अर्ध्यावर राहिली रे पूजा! त्या पोरीला बोलाव, तिच्या हातानं बेल वाहू दे आधी." आणि हैबतरावांनी बेलाची परडी दोन्ही हातांत धरून धुरपदेसमोर मान लववली.