नगरापासून वळलेली वाट

फार पूर्वी, रस्ते अजून बैलांच्या खुरांनीच पडत होते त्या काळी, घाटमाथ्यावर एक नगर होतं. नगराला उंच तट होता, खिळे ठोकलेला भक्कम दरवाजा होता, आणि आत राहणाऱ्यांना या दोन्हींचा भारी गर्व होता. शेती बेताचीच. पण विणकर होते, तांबट होते, कुंभार होते. त्यांचा माल दूरदेशी जायचा आणि दूरदेशीचं मीठ, हिंग आणि बातम्या नगरात यायच्या.

हे सगळं आणायचा आणि न्यायचा लमाणांचा एक तांडा. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ही माणसं खाडीपासून घाट चढून येत आणि तशीच पुढे देशावर जात. तांड्याचा पुढारी थावरा नायक. त्याच्या बरोबरीने चालायची ती त्याची बायको, सोमली.

एका वर्षी तांडा तटाबाहेर उतरला, आणि त्याच दिवशी देवीचा चांदीचा मुखवटा देवळात नसल्याचं लक्षात आलं. नगराच्या कारभाऱ्याने घडीभरही विचार केला नाही.

"आपल्यात चोर कोण असणार?" तो म्हणाला. "ज्यांना ना घर ना दार, त्यांचंच हे काम. नायकाला धरून आणा."

शिपाई आले. त्यांनी गोण्या फाडल्या, मीठ मातीत सांडलं, बायकांच्या अंगावरचे दागिने ओढून ओढून पाहिले. मुखवटा काही सापडला नाही. तरी थावराला बांधून नेलं. सोमली दरवाजापर्यंत मागे धावली. दरवाजा तिच्या तोंडावर बंद झाला.

आत भर चौकात थावराला फटके बसू लागले.

"मुखवटा कुठे लपवलास?"

"मी पाहिलासुद्धा नाही."

पुन्हा फटके. भोवती सारं नगर जमलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या बैलांनी आणलेलं मीठ खाल्लं, तो माणूस डोळ्यांदेखत मार खात होता आणि सगळे नुसते बघत होते. एक कुंभारीण तेवढी पुढे झाली. तिने त्याच्या तोंडाला पाण्याचं गाडगं लावलं, तर शिपायाने ते काठीने फोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरवाजा उघडला. शिपायांनी थावराला बाहेर आणून जमिनीवर ठेवलं. त्याच्यात जीव नव्हता. मागून कारभारी आला. तो जरा अवघडला होता, इतकंच.

"मुखवटा सापडला," तो म्हणाला. "पुजाऱ्याने उजळायला सोनाराकडे दिला होता. सांगायचं राहून गेलं."

सोमली नवऱ्याच्या उशाशी बसली होती. तिने मान वर केली.

"मग पुजाऱ्याला किती फटके मारले?"

"त्याला कशाला? तो नगरातला माणूस आहे."

"आणि हा कोण होता?"

कारभाऱ्याने हात झटकले. "झालं ते झालं," तो म्हणाला. "तुमचा माल आणा आत. या खेपेला जकात माफ."

सोमलीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने थावराला उचलायला सांगितलं. त्या तटाच्या सावलीत त्याला मूठमातीही द्यायची नव्हती तिला.

तिचा दीर लखू रागाने लालबुंद झाला होता. "वहिनी, गवताच्या गंज्या तटाला लागूनच रचल्यात. एक ठिणगी पुरे."

सोमलीच्या मनात तेच पेटलं होतं. तिने गंज्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "आत ती पाणी देणारी बाई आहे. तिची पोरं आहेत. आग काही माणूस बघून जाळत नाही. आणि जळलेलं नगर हे लोक पुन्हा बांधतील, वर म्हणतील, बघा, भटके असेच असतात."

"मग काय, गप्प बसायचं?"

"गप्प कोण बसतंय? हे नगर इथे कशामुळे उभं राहिलं, ठाऊक आहे ना? आपले वाडवडील इथल्या झऱ्यावर उतरायचे. त्यांच्याशी देवघेव करायला माणसं आली, मग झोपड्या उभ्या राहिल्या, मग घरं झाली, मग हा तट झाला. आपण थांबलो म्हणून हे वसलं. आता आपण थांबायचं नाही."

तिने बैलांची तोंडं दक्षिणेला वळवली. तिकडे वाट नव्हती, नुसतं रान होतं. माणसं करवंदीच्या जाळ्या तोडत पुढे झाली. एक बैल गोण्यांसकट दरीत गेला. पोरांच्या पायांना फोड आले. शेवटी लखूच म्हणाला, "वहिनी, फार झालं. फिरू या मागे." सोमलीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. डोंगराच्या पलीकडे, उथळ नदीकाठी तिने थावराला मूठमाती दिली आणि तिथेच पालं ठोकली.

नगरातले लोक हसले. "जातात कुठे? फिरून फिरून इथेच येतील."

तांडा आला नाही. वाटेत भेटेल त्याला सोमलीने घडलेलं सांगितलं, आणि बातम्या नेणारेही भटकेच. मेंढरं घेऊन धनगर नव्या वाटेने गेले, मग घोडे विकणारे, मग दुसरे तांडे. नदीकाठी हाट भरू लागला. इकडे नगरात मिठाचे रांजण खरवडले गेले. गुरं मिठासाठी भिंती चाटू लागली. विणलेलं कापड घराघरांत पडून राहिलं. मग एकेक घर बोचकं बांधून बाहेर पडू लागलं. कुंभारीण सगळ्यांत आधी आली. सोमली तिला सामोरी गेली.

"ये बाई. नदीकाठची माती चांगली आहे. इथेच चाक मांड."

अखेर पंचांना घेऊन कारभारीही आला.

"नायकीण, किती दिवस राग धरायचा? काय हवं ते माग. सोनं घे, जमीन घे. तटाच्या आत घर देतो."

"घर नको मला," सोमली म्हणाली. "या हाटात, चारचौघांत उभा राहा आणि सांग, की मी निरपराध माणूस मारला. चोरी त्याने केली नव्हती, आणि विचारण्याआधीच मी त्याला चोर ठरवलं. एवढं बोल. उद्याच्या उद्या बैल नगराकडे वळवते."

कारभाऱ्याने पंचांकडे पाहिलं.

"बोलून टाका," एक म्हातारा पंच कळवळून म्हणाला. "खरंच तर आहे ते. आम्हीही बघत उभे होतो, आम्हीही बोलतो."

कारभाऱ्याने त्याला मागे ढकललं. "एका भटक्यासाठी नगराने मान वाकवायची? त्यापेक्षा आम्ही अळणी खाऊ!"

"मग खा," सोमली म्हणाली.

तो म्हातारा पंच नदीकाठीच राहिला. कारभारी परत गेला. त्याच्या हाताखाली पुढे पुढे शिपाईही उरले नाहीत. आज त्या तटात पिंपळ उगवलेत आणि नगराचं नाव कुणाला सांगता येत नाही. जगातली कितीतरी नगरं अशीच कुणाच्या तरी मुक्कामावर वसली, आणि मुक्काम हलला तशी ओस पडली.

सोमली म्हातारी झाली, तरी घडलेलं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तसंच सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज चढायचा. एकदा कोणीतरी भलेपणाने म्हणालं, "आता सोडा की राग, आजी. इतकी वर्षं झाली."

"माझा असता तर कधीच सोडला असता," सोमली म्हणाली. "तो थावराचा आहे. त्याला विचारून या."

तात्पर्य: निरपराधाला चोर ठरवून मारणारं, आणि वर मान ताठ ठेवणारं नगर कितीही उंच तट बांधो, त्याच्या दारापासून वाट वळून जाते. वाटा राजे पाडत नाहीत, चालणारे पाडतात.