सायकलवाला ससा आणि स्कूटरवाली खार

रानातले प्राणी चाकांवर खेळायचे, त्या काळची ही गोष्ट. टेकडीवर सिमेंटचा एक खोल, कोरडा हौद होता. ससा तिथं बीएमएक्स सायकलवरून उड्या मारायचा आणि खार पायानं ढकलायची छोटी स्कूटर चालवायची. "ए, तुझं खेळणं घेऊन बाजूला हो!" असं ससा तिला रोज हिणवायचा.

एका संध्याकाळी ससा तळाशी आपटला आणि त्याचा पाय सायकलच्या साखळीत अडकला. तेवढ्यात समोरून रानमांजर दबकत हौदात उतरू लागलं. काठावर खेळणारे बाकीचे प्राणी पळाले. खारही झाडाकडे वळली.

"खारूताई, मला टाकून जाऊ नकोस गं!" ससा कळवळला.

खार मागं फिरली. तिनं सर्वांत उभ्या उतारावरून स्कूटर सोडली. हौदभर खडखडाट घुमला. मांजर दचकून मागं उडालं. खारीनं सायकलचं पायडल उलटं फिरवलं, पाय सुटला आणि दोघं पाण्याच्या जुन्या पाइपात शिरली.

बाहेर मांजराची नखं पाइपावर घासत होती.

"त्या उतारावरून उतरायची माझी कधी छाती झाली नाही," ससा कुजबुजला.

"हळू बोल," म्हणत खार त्याला बिलगली.

मांजर निघून गेलं, तरी दोघं तशीच बसून राहिली. काळीज कुणाचं धडधडतंय, हे दोघांनाही कळत नव्हतं.