निजसुऱ्यांची उपपत्ती

उपपत्ती म्हणजे उत्तर नव्हे. ते उत्तर खरे का, याची पायरीपायरीने केलेली सिद्धता.

डेप्युटी कलेक्टर त्र्यंबकराव निजसुरे यांना गणितज्ञांचे मंडळ काढायचे होते. पण सरकारी नोकराला त्यासाठी कलेक्टरसाहेबांची परवानगी लागे. साहेब हसले. "गणित घरी एकट्यानेही करता येते, रावसाहेब. मंडळ हवेच कशाला?"

त्र्यंबकरावांनी स्वतःची एक नवी उपपत्ती पुढे ठेवली. "ही बरोबर आहे का, साहेब?"

"मला काय विचारता? जाणकारांना विचारा."

"जाणकार गावोगावी विखुरलेले आहेत. त्यांना विचारता यावे, म्हणूनच मंडळ."

साहेबांनी परवानगीवर सही केली.

ती उपपत्ती बिनचूक होती, असे लोक सांगतात. तसे नव्हते. मंडळाच्या पहिल्याच बैठकीत तिच्यातली चूक सापडली, आणि त्या दिवशी पेढे वाटले ते त्र्यंबकरावांनीच.