कोतवालाने केलेली विचारपूस

एका स्थविराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूने, आपल्या चुकीचे खापर शिष्यावर फोडले, तेव्हा दारात एक मुका उपासक उभा असताना शास्ता बुद्धांनी ही कथा सांगितली. पूर्वी कुंभवती नगरीत धर्मकेतू राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व भद्रघोष या नावाने त्याचा अमात्य होता.

कैद्याचा छळ करायचा नाही, अशी राजाने दवंडीच पिटवली होती. तळघरात जे चाले त्याला राजाने नाव दिले होते ‘विचारपूस’.

एकदा शेजारच्या राज्याचा दूत आला. राजाने त्याला भर सभेत सुनावले, “तुमच्याकडे कैद्यांना डाग देतात म्हणे. शोभते का?” आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, ही राजवाड्यांची जुनीच खोड.

दूत म्हणाला, “आमचा नावाडी तिष्य हेर म्हणून धरलात. त्याचे काय करता?”

“फक्त विचारपूस. अमात्य, सांगा यांना.”

बोधिसत्त्वाने सकाळीच तिष्याचे भाजलेले तळवे पाहिले होते. आज पुन्हा विचारपूस झाली तर तो वाचणार नव्हता. होय म्हणावे तर त्याचा जीव जाणार, नाही म्हणावे तर स्वतःचा. बोधिसत्त्वाला भीती वाटली. तरी तो उठला.

“महाराज, माझीच विचारपूस करा. तिष्याची होते तशी.”

राजाला वाटले, चार प्रश्नांत भागेल. तो हसून म्हणाला, “कोतवाल, करा अमात्यांची विचारपूस.”

कोतवाल उग्रकाला त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता. तो गेला आणि पेटती शेगडी व चिमटा घेऊन आला. सभा गारठली. बोधिसत्त्वाने तळवा पुढे केला. लाल चिमटा अगदी जवळ आला.

“मूर्खा, हे काय?” राजा ओरडला.

“विचारपूस, महाराज. आपण शिकवली तशीच.”

“मला यातले काही ठाऊक नाही! याला सुळावर द्या!”

उग्रकाची पाचावर धारण बसली. बोधिसत्त्व म्हणाला, “महाराज, चिमटा याच्या हातात होता, पण शब्द आपला आहे. हा मेला तर दुसरा कोतवाल येईल. शब्द तोच राहील.”

अखेर राजाने मान खाली घातली. “आज्ञा माझीच होती,” तो म्हणाला.

राजा स्वतः तळघरात गेला, तिष्याच्या बेड्या काढवल्या आणि विचारले, “फार दुखते का?”

प्रश्न ऐकताच तिष्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

एवढे सांगून शास्ता म्हणाले, “भिक्षूंनो, आपल्या चुकीचे खापर शिष्यावर फोडणारा हा स्थविर तेव्हा राजा होता. हा शिष्य कोतवाल होता, दारात उभा असलेला तो मुका उपासक तिष्य होता, आणि अमात्य मी होतो. हात भाजेल हे माहीत असूनही मागे न घेणे, ही सत्यपारमिता.”