अडलेली घोडी

वराती गॅसबत्त्यांच्या उजेडात निघत, तेव्हाची गोष्ट. एका बँडमधला थोरला कर्णा जन्मभर सिनेमाच्या गाण्यांमागे नुसतं ‘भों भों’ करून शिणला होता. एकदा बँडमास्तर सखाहरींनी खास पितळी वाद्यांसाठी स्वतःची रचना बांधली. तीत कर्ण्यालाही चक्क सुरावट होती.

वरातीत ती सुरू होताच वऱ्हाडी ओरडले, “अहो, नाचायचं वाजवा!”

मास्तरांनी मुकाट्यानं नेहमीचं गाणं धरलं.

“आपल्या नशिबी भों भोंच,” कर्णा ट्रम्पेटला म्हणाला.

तोच मागं नवरदेवाची घोडी अडली. ओढलं, चुचकारलं, तरी हलेना.

“चल गं बाई, उरकू दे एकदाचं,” कर्णा कण्हला.

“दादा, जन्मभर तुमच्यामागं पाय ओढतेय,” घोडी म्हणाली. “मघाशी पहिल्यांदा कान टवकारले. ती मास्तरांची रचना पुरी करा, मग चालते.”